रूट कॅनालनंतर दुखतं, त्यात अवजाराचा वाटा किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दातांच्या मुळांवर काम करणं हा माझा रोजचा व्यवसाय. भुलीचा अंमल आहे तोवर माणूस गप्प असतो, ओठ जरा हलायला लागला की प्रश्न सुरू होतात. पूर्वी एकच प्रश्न असायचा, "दुखेल का?" आता लोक वाचून येतात आणि विचारतात, "मशीनने करणार की हाताने? मशीनने केलं की दुखत नाही म्हणतात." त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पान.

नसच काढून टाकली, मग दुखतं काय?

काढली ती दाताच्या आतली नस. दाताभोवतीच्या नसा तशाच आहेत. दात हाडात ठोकलेल्या खुंटीसारखा बसलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो, जाडीला मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा, आणि दात त्या तंतूंवर टांगलेला असतो. भातात खडा आला की दाताला चटकन कळतं ते याच थरातल्या नसांमुळे. मुळाच्या टोकाला बारीक भोक असतं, आतली नस तिथून बाहेरच्या जिवंत भागाला जोडलेली असते. रूट कॅनालमध्ये ती आम्ही त्या भोकापाशी तोडतो. म्हणजे तिथे जखम झाली, आणि जखम म्हटली की सूज आली. एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला दात. सुजेला पसरायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि दात काकणभर वर उचलला जातो. मग तोंड मिटताना तोच आधी लागतो. "डॉक्टर, दात उंच झालाय" असं पेशंट म्हणतो तेव्हा ते अगदी खरं असतं.

किती जणांना दुखतं, आणि किती दिवस?

पाक आणि व्हाइट या दोघांनी २०११ साली तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून सरासरी काढली. उपचाराआधी १०० पैकी ८१ जणांना दुखत होतं. उपचारानंतर २४ तासांनी ४० जणांना, आणि आठवड्याने ११ जणांना. दुखण्याची तीव्रता १०० पैकी मोजली तर आधी ५४, दुसऱ्या दिवशी २४, आठवड्याने ५. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुखणारे बरेच असतात, पण त्यांचं दुखणं निम्म्याहूनही खाली आलेलं असतं.

हे आकडे मी भूल देण्याआधीच सांगून टाकतो. नंतर सांगितले की ती सबब वाटते.

फाईल फाईल म्हणतात ती नक्की काय असते?

फाईल म्हणजे कानस. सुताराकडे असते तीच कल्पना, फक्त केसासारखी बारीक. मुळातली नळी आतून खरवडून साफ करायची आणि भरता येईल अशा आकाराला आणायची, हे तिचं काम. १८३८ साली एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून असं पहिलं अवजार केलं असं आमच्या पाठ्यपुस्तकांत असतं.

पुढच्या वेळी खुर्चीवर बसलात की डॉक्टरांच्या ट्रेमधला स्पंजाचा ठोकळा बघा. त्यात रंगीत मुठींच्या टाचण्या खोचल्यासारख्या फाईली उभ्या असतात. जांभळी १० नंबर, पांढरी १५, पिवळी २०, लाल २५, निळी ३०, हिरवी ३५, काळी ४०. नंबर म्हणजे टोकाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. लाल फाईल टोकाला ०.२५ मिमी असते. नेहमीची हातफाईल वर जाताना दर मिलिमीटरला ०.०२ ने जाड होते, आणि कापणारा भाग १६ मिमीचा. म्हणजे तीच लाल फाईल वरच्या बाजूला ०.५७ मिमी झालेली असते. मशीनच्या, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या, फाईली याहून जास्त निमुळत्या असतात.

प्रत्येक फाईलवर रबराची एक छोटी चकती सरकवलेली दिसेल. ती चकती लक्षात ठेवा. दुखण्याच्या गोष्टीत तिचं काम मोटरपेक्षा मोठं आहे, ते पुढे येईलच.

अवजारामुळे दुखणं येतं म्हणजे नेमकं काय होतं?

नळी खरवडली की चुरा निघतो. त्यात दाताचा भुगा, नसेचे तुकडे, जंतू आणि धुण्याचं औषध यांचा राडा असतो. फाईल बाहेर काढली की तिच्या आट्यांमध्ये हा करडा-पांढरा चिखल भरलेला दिसतो. जेवढा वर आला तेवढा आम्ही पुसून टाकतो. पण थोडा खाली जातो, मुळाच्या टोकाच्या भोकातून पलीकडे. तिथल्या पेशींच्या दृष्टीने ही परकी घाण, त्यामुळे शरीर तिच्यावर तुटून पडतं आणि सूज वाढते. नस आधीच मेलेली, कुजलेली असेल तर या राड्यात जंतू भरपूर असतात. मग वर्षभर गप्प बसलेली दाढ रूट कॅनाल सुरू केल्यावर ठणकायला लागते, आणि लोक म्हणतात, "चांगली होती, डॉक्टरने दुखवली."

शिकत असताना आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं होतं. काढलेला दात रबरी बुचाच्या भोकात बसवायचा, मुळाचं टोक खाली लहानशा काचेच्या बाटलीत. बाटलीचं वजन आधी करून ठेवायचं. मग वरून नेहमीसारखं काम करायचं. पहिली फाईल खालीवर केली आणि मुळाच्या टोकाशी एक ढगाळ थेंब जमला, क्षणभर लोंबला आणि बाटलीत पडला. फाईल दाबली की थेंब, दाबली की थेंब. मी नळी साफ करतोय असं मला वाटत होतं. बाटलीतून बघणाऱ्या मित्राला मी पिचकारी मारताना दिसत होतो. शेवटी पाणी सुकवून उरलेल्या चुऱ्याचं वजन करायचं. मायर्स आणि मॉन्टगोमेरी यांनी १९९१ साली मांडलेली ही पद्धत, आणि अवजारांची तुलना करणारे असंख्य अभ्यास आजही तिच्याच धर्तीवर होतात.

या सगळ्या प्रयोगांतून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. टोकाबाहेर अजिबात काही न ढकलणारं अवजार अजून निघालेलं नाही. आणि ढकलण्याचं प्रमाण अवजारागणिक, पद्धतीगणिक बदलतं. बाटलीत मात्र एक उणीव आहे. खऱ्या तोंडात टोकापलीकडे जिवंत पेशी आणि हाड उलटा दाब देतात, बाटलीत नुसती हवा असते. म्हणून बाटलीत जास्त चुरा काढणारी फाईल माणसाच्या तोंडात तेवढ्याच पटीने दुखवेल असं नाही.

मग हातफाईल वाईट आणि मशीन चांगलं?

सरासरी काढली तर मशीनच्या बाजूने कौल जातो. हातफाईल आणि मशीन यांची तुलना करणारे माणसांवरचे अभ्यास एकत्र केले की पहिल्या एकदोन दिवसांत मशीनवाल्यांना थोडं कमी दुखलेलं दिसतं. कारण समजायला सोपं आहे. हातफाईल वर-खाली घासली की ती सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखी वागते, समोरचं पुढे रेटते. मशीनची फाईल फिरते. तिच्या आट्या बर्म्यासारख्या असतात, म्हणजे लाकडाला भोक पाडताना भुसा जसा वर चढतो तसा चुरा तोंडाच्या दिशेने येतो.

पण यात आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे. जुन्या पद्धतीत आधी मुळाच्या टोकापर्यंत जायचं आणि मग एकेक पाऊल मागे येत वरचा भाग रुंद करायचा. वरची घाण तशीच असताना टोकाशी कानस चालवली जायची. मशीनबरोबर उलटी पद्धत रुळली. आधी वरचा भाग रुंद करून धुवून घ्यायचा, मग खाली उतरायचं. घाणीचा मोठा साठा वरच असतो, तो आधीच निघालेला असतो आणि औषधाला वर परतायला वाट मिळते. तेव्हा श्रेय मोटरला द्यायचं की उतरण्याच्या क्रमाला? माझं मत विचाराल तर क्रमाला जास्त.

हातानेही हे करता येतं. १९८५ साली रोन यांनी हातफाईल दाबून घासण्याऐवजी पाव फेरा उजवीकडे आणि मग हलका दाब ठेवून डावीकडे फिरवण्याची पद्धत मांडली. तिने टोकाबाहेर जाणारा चुरा घासण्यापेक्षा बराच कमी होतो. अशा हाताने काम करणाऱ्या जुन्या डॉक्टरांचे पेशंट दुसऱ्या दिवशी आरामात चहात बिस्कीट बुडवून खाताना मी पाहिलेत.

मशीनमध्येही दोन जाती असतात म्हणे, गोल फिरणारी आणि मागे-पुढे होणारी?

हो. यासाठी थोडं मागे जावं लागेल. जुन्या फाईली स्टीलच्या. वाकड्या नळीत स्टील मोटरवर फिरवलं तर ते सरळ जायला बघतं आणि मुळाची भिंत खणतं. १९८८ साली वालिया आणि सहकाऱ्यांनी वेड्यावाकड्या दातांच्या उपचारात वापरतात त्या निकेल-टायटॅनियमच्या तारेपासून फाईल बनवली. ती स्टीलपेक्षा दोन ते तीन पट लवचिक निघाली. या धातूला निटिनॉल म्हणतात; नावातला शेवटचा तुकडा अमेरिकन नौदलाच्या ज्या प्रयोगशाळेत तो सापडला तिच्या नावातून आलाय. दारूगोळ्याच्या संशोधनातून निघालेला धातू शेवटी दाढेत येऊन बसला.

या धातूमुळे वाकड्या नळीत फाईल एकाच दिशेने सतत फिरवणं शक्य झालं. पुढे २००८ साली घसान यारेड यांनी एकच फाईल पूर्ण न फिरवता मागे-पुढे हलवत सगळी नळी तयार करून दाखवली. कापण्याच्या दिशेने जास्त, उलट दिशेने कमी, असं करत ती पुढे सरकते. २०११ च्या सुमारास खास यासाठी बनवलेल्या रेसिप्रोक आणि वेव्हवन या फाईली बाजारात आल्या.

त्यावर वादाला तोंड फुटलं. मागे-पुढे होणारी फाईल उलटी वळते तेव्हा आट्यांतला चुरा पुन्हा खाली ढकलत असेल, अशी शंका होती. काही अभ्यासांत तिच्यानंतर जास्त दुखलं, काहींत कमी, बऱ्याच अभ्यासांत फरकच आढळला नाही. हे सगळे अभ्यास एकत्र करणाऱ्या आढाव्यांचंही एकमत नाही. असं का होतं ते अभ्यास वाचताना कळतं. एकाने जिवंत नसेच्या समोरच्या दातांवर काम केलं, दुसऱ्याने कुजलेल्या दाढांवर. एकाने औषध जास्त वापरलं, दुसऱ्याने कमी. वर दुखणं मोजायचं ते पेशंटने शून्य ते दहाच्या पट्टीवर बोट ठेवून. एवढ्या गोष्टी हलत असताना फाईलचा फरक वेगळा काढायचा म्हणजे चालत्या गाडीत दोरा ओवण्यासारखं आहे. जिथे फरक सापडतो तिथेही तो पहिल्या दोनतीन दिवसांपुरताच असतो, पुढे सगळे एकाच पातळीवर येतात.

"एकाच फाईलमध्ये झटपट रूट कॅनाल" चांगला का?

फाईल जलद चालली याला माझी हरकत नाही. वाचलेला वेळ कुठे गेला एवढंच बघायचं. नळीची सगळी भिंत कुठलीच फाईल खरवडू शकत नाही. नळ्या गोल नसतात, चपट्या असतात, त्यांना फाटे असतात. तिथली घाण औषधाने धुवूनच निघते आणि औषधाला वेळ लागतो. आकार देण्यात वाचलेली मिनिटं धुण्यात घातली तर उत्तम.

निळी, सोनेरी फाईल वापरतात त्याने फरक पडतो का?

हे रंग मुठीचे नाहीत, धातूला दिलेल्या उष्णतेचे. अशा तापवलेल्या तारेची सुरुवात २००७ च्या एम-वायरने झाली, नंतरच्या काही फाईली तर इतक्या मऊ आल्या की बोटाने वाकवल्या तरी तशाच राहतात. वाकड्या मुळात त्या नळीच्या वळणाने जातात, टोकाचं भोक ओरबाडून मोठं करत नाहीत आणि तुटण्याचा धोकाही कमी. फायदा खरा आहे, पण तो वाकड्या मुळापुरता. सरळ मुळाच्या समोरच्या दातात फाईलचा रंग विचारू नका.

तुमच्या मते दुखणं सगळ्यात जास्त कशावर ठरतं?

अवजारापुरतं बोलायचं तर ते कुठे थांबलं यावर. आता ती रबरी चकती.

फाईल मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबली पाहिजे. ती लांबी एकदा ठरली की चकती तिथे सरकवायची, आणि चकती दाताच्या कडेला टेकली की हात थांबला पाहिजे. त्यापुढे फाईल गेली तर ती भोक मोठं करते, पलीकडच्या जिवंत भागाला टोचते आणि मघाचा चिखल थेट तिथे नेऊन ओतते. महागातली महाग फाईल लांबी चुकवून वापरली की दुखवणारच.

लांबी पूर्वी नुसत्या एक्स-रेवरून ठरायची. अडचण अशी की भोक नेहमी मुळाच्या अगदी टोकावर नसतं, बऱ्याचदा बाजूला असतं, आणि एक्स-रेत ते दिसत नाही. १९६२ साली सुनादा यांनी दाखवलं की तोंडातली त्वचा आणि मुळाभोवतीचा तंतूंचा थर यांच्यामधला विद्युतरोध जवळजवळ ठरलेला असतो, साधारण ६.५ किलोओहम. त्यावरून लांबी मोजणारं यंत्र निघालं, एपेक्स लोकेटर. ओठाला हुक अडकवून ठेवतात आणि यंत्र टिक-टिक करतं, ते हेच. फाईल टोकाजवळ गेली की टिक-टिक घाईची होते. आताच्या यंत्रांचं गणित सुनादांच्या पुढे गेलंय, पण मूळ कल्पना तीच. अनेक मोटरींमध्ये ते आतच बसवलेलं असतं आणि टोक आलं की मोटर आपोआप थांबते किंवा उलटी फिरते. दुखणं कमी होण्यात मशीनचा वाटा म्हणाल तर मला तो इथे दिसतो.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, सुरुवातीच्या दिवसांतली. खालची दाढ, सगळं बिनबोभाट चाललेलं. दाढेच्या ज्या उंचवट्यावर, म्हणजे दंतशिखरावर, चकती टेकवून मोजलं होतं, तेच मध्येच थोडं घासून कमी केलं. नवं माप घ्यायचं राहिलं. चकती नेहमीसारखी टेकली, पण फाईल आत तेवढीच जास्त गेली. शेवटी कागदाची बारीक वात घालून नळी कोरडी करतो, तिच्या टोकाला लाल ठिपका आला. तेव्हाच ओळखायला हवं होतं. रात्री दहाला फोन वाजला. बाईंनी रागावून विचारलं असतं तर बरं वाटलं असतं, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "झोपता येत नाहीये हो डॉक्टर." तीन दिवस लागले. नवी फाईल होती, चांगली होती. माप माझं चुकलं होतं. तेव्हापासून दात घासला की चकती पुन्हा मोजतो.

बारीक फाईल मुद्दाम टोकाबाहेर काढतात, त्याने दुखत नाही का?

वाट बुजू नये म्हणून जांभळी १० नंबर किंवा तिच्याहून बारीक फाईल हलकेच टोकापलीकडे एवढीशी नेऊन आणतात. वरच्या उत्तराशी हे विसंगत वाटेल, पण ती फाईल कापत नाही, फक्त भुग्याची गुठळी मोडते. यामुळे नंतरचं दुखणं वाढत नाही असंच अभ्यासांतून निघालंय.

धुण्याच्या सुईचा दुखण्याशी संबंध आहे का?

आहे, आणि लोक हे कधीच विचारत नाहीत. नळी सोडियम हायपोक्लोराइटने धुतात, म्हणजे ब्लीचच्या घराण्यातलं औषध. ते मेलेली नस विरघळवतं आणि जंतू मारतं, पण जिवंत भागात गेलं तर तिथेही तेच करतं. सुई नळीत घट्ट अडकवून जोरात पिचकारी मारली तर औषध टोकाबाहेर जाऊन क्षणात असह्य कळ, गालाला सूज आणि काळंनिळं होतं. असं क्वचित होतं, पण ज्याला होतं तो विसरत नाही. म्हणून टोक बंद आणि बाजूला भोक असलेली बारीक सुई वापरतात. ३० गेजची सुई जेमतेम ०.३ मिमी जाड असते. ती ठरलेल्या लांबीच्या दोनेक मिलिमीटर अलीकडे, सैल ठेवून, सतत वर-खाली हलवत, अंगठ्याऐवजी तर्जनीने हळू दाबायची.

औषध वरून ढकलण्याऐवजी खालून शोषून घेणारी साधनंही आहेत. त्यांच्यानंतर दुखणं कमी राहतं असं २०१० च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आणि एक साधी युक्ती, जिला नवं मशीन लागत नाही. शेवटचं धुणं २.५ अंश सेल्सियसच्या थंडगार सलाईनने पाचेक मिनिटं करायचं. काढलेल्या दातांवर २०१५ साली मोजलं तेव्हा मुळाच्या बाहेरच्या बाजूचं तापमान १० अंशांहून जास्त उतरलं आणि चार मिनिटं तसंच राहिलं. मुरगळलेल्या पायाला बर्फ लावतो तेच, फक्त आतून. ज्यांना आधीच चावताना दुखत होतं त्यांना याचा उपयोग होताना दिसतो. फाईलची कंपनी बदलण्यापेक्षा सलाईनची बाटली फ्रिजमध्ये ठेवणं मला जास्त पटतं.

माझ्या बहिणीला काहीच दुखलं नाही, मला दोन दिवस दुखलं. डॉक्टर आणि मशीन तेच.

दात तोच नव्हता ना. उपचाराआधी किती दुखत होतं हा पुढच्या दुखण्याचा सर्वांत भरवशाचा अंदाज आहे. ज्या दाढेने आधीच दोन रात्री जागवलं तिच्याभोवतीच्या नसा तापलेल्या असतात, साध्या स्पर्शालाही ओरडतात. पूर्वी केलेला रूट कॅनाल उकरून पुन्हा करायचा असेल तरी दुखण्याची शक्यता वाढते, कारण जुनं भरण काढताना तेही टोकाकडे सरकतं. खालच्या दाढा वरच्यांपेक्षा जास्त त्रास देतात. या गोष्टींपुढे फाईलचा फरक लहान पडतो.

फाईल आत तुटली असं सांगितलं. म्हणून दुखतंय का?

तुटलेला धातूचा तुकडा स्वतः सहसा दुखवत नाही. तो वाट अडवतो ही अडचण. त्याच्या पलीकडे न धुतलेली घाण राहिली असेल तर ती पुढे त्रास देऊ शकते. नळी बरीचशी साफ झाल्यावर तुटली असेल तर पुष्कळदा तुकडा आत ठेवूनच भरतात आणि दात वर्षानुवर्षं चालतो. तुटल्याचं डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं ही चांगली खूण समजा.

माझ्या डॉक्टरांकडे मशीन नाही. दुसरीकडे जाऊ का?

एवढ्याच कारणासाठी नको. विचारायचंच असेल तर हे विचारा: लांबी कशी मोजता, रबर डॅम लावता का, शेवटचं धुणं किती वेळ करता. रबर डॅम म्हणजे दातावर ताणून बसवलेला रबरी पडदा, लाळ आणि तिच्यातले जंतू बाहेर ठेवणारा. या प्रश्नांवर डॉक्टर खुशीने बोलायला लागले तर निवांत बसा. फार वाकडी मुळं असतील, तिथे मात्र लवचिक फाईल आणि ती चालवण्याचा सराव असलेला माणूस शोधावा.

एका सिटिंगमध्ये केलं तर जास्त दुखतं का?

पहिल्या आठवड्यात थोडं जास्त दुखण्याकडे कल दिसतो, दात टिकण्यात फरक नाही. पू वाहत असेल किंवा चेहरा सुजला असेल तर मी दोन सिटिंग घेतो.

दुखलं तर घरी काय करायचं?

भूल उतरायच्या आत पहिली गोळी. ठणका सुरू झाल्यावर त्याच्यामागे धावण्यापेक्षा हे सोपं. मोठ्या माणसांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलं तर एकेकट्यापेक्षा जास्त आराम पडतो. पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, अशा गोळ्यांनी उसळणारा दमा किंवा गर्भारपण यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्या बाजूने दोन दिवस चावू नका. दात उंच लागत असेल तर जाऊन घासून घ्या; आधीपासून ठोकल्यावर दुखणाऱ्या दातांना याने चांगला आराम मिळतो.

अँटिबायोटिक मागू नका. हे दुखणं सुजेचं आहे, सूज जिरायला प्रतिजैविक मदत करत नाही. ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हा गोष्ट वेगळी. गाल किंवा हनुवटीखालचा भाग फुगतोय, तोंड उघडत नाही, गिळताना किंवा श्वास घेताना अडतंय, असं काही असेल तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा.

रूट कॅनालला वर्ष झालं आणि आता दुखायला लागलं. तेव्हाची फाईल चुकीची होती का?

फाईलच्या निवडीचं दुखणं तासांत आणि दिवसांत मोजायचं असतं. ते वर्षभर दबा धरून बसत नाही. वर्षाने दुखतं त्याची कारणं निराळी. दात तडकला असेल, कॅप किंवा भरण गळून खाली जंतू उतरले असतील, किंवा एखादी नळी सापडलीच नसेल. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असतात, पण पुढच्या मुळात पुष्कळदा दुसरी बारीक नळी असते. चौथी म्हणून ती बदनाम आहे, कारण तिचं तोंड दाताच्या पायरीखाली लपलेलं असतं आणि साध्या एक्स-रेत ती पहिलीच्या मागे दडते. अशा वेळी मी तिरक्या कोनातून दुसरा एक्स-रे काढतो, शंका उरली तर त्या दाताचा थ्रीडी स्कॅन करतो, आणि मगच दात उघडतो.